जिवंत दृश्याचे अक्षरचित्र : संगणकाच्या पाहण्याचा एक अभ्यास

संगणकाच्या वेबकॅमसमोर उभे राहावे आणि पडद्यावर आपल्या छायाचित्राऐवजी टिंबे, रेघा, तारका व अक्षरे यांनी घडलेली आपलीच हलती प्रतिमा दिसावी, हा प्रकार प्रथमदर्शनी जादूसारखा वाटतो. हात हलविला की अक्षरे हलतात, हसलो की ओठांच्या जागची चिन्हे बदलतात. वास्तविक यात जादू काही नाही. आठवी-नववीच्या विद्यार्थ्याला येणारी बेरीज, गुणाकार, सरासरी आणि प्रमाण एवढ्या गणितावर ही सारी रचना उभी आहे. प्रस्तुत लेखात त्या रचनेचा क्रमशः परिचय करून देण्याचा आमचा प्रयत्न आहे. मात्र केवळ कृती सांगणे एवढाच आमचा हेतू नाही. कॅमेऱ्यातून येणाऱ्या असंख्य आकड्यांपैकी काय ठेवायचे, काय टाकायचे आणि ते कोणत्या मोजपट्टीने ठरवायचे, हे प्रत्येक वेळी कोणीतरी माणूस ठरवीत असतो, ही गोष्ट या छोट्याशा प्रयोगातून जितकी स्पष्ट दिसते तितकी मोठमोठ्या यंत्रणांतून दिसत नाही. म्हणून हा विषय अभ्यासास योग्य आहे, असे आम्हांस वाटते.

१. पूर्वपीठिका

अक्षरांनी चित्र काढण्याची कल्पना संगणकापेक्षा जुनी आहे. टंकलेखन यंत्रावर फ्लोरा स्टेसी यांनी काढलेले फुलपाखराचे चित्र १८९८ सालचे आहे. १९६३ साली अमेरिकेत ‘ॲस्की’ ही संकेतप्रणाली प्रसिद्ध झाली. तिच्यात एकूण १२८ संकेत असून त्यांपैकी मोकळ्या जागेसह ९५ चिन्हे छापता येतात. याच प्रणालीच्या नावावरून अशा चित्रांना पुढे ‘ॲस्की कला’ असे नाव रूढ झाले. १९६६ साली बेल प्रयोगशाळेतील केनेथ नोल्टन आणि लिऑन हार्मन यांनी एक छायाचित्र संगणकाकडून वाचवून घेतले व त्याच्या प्रत्येक लहान भागाच्या जागी, त्या भागाच्या गडदपणाशी जुळेल असे बारीक चिन्ह छापले. जवळून पाहिले असता केवळ चिन्हे आणि दुरून पाहिले असता मानवाकृती, असे ते चित्र होते. आपण आज जे करणार आहोत त्याचे मूळ तत्त्व हेच आहे.

कॅमेरा संगणकाला जोडून दूरवरून दृश्य पाहण्याची एक प्रसिद्ध सुरुवात केंब्रिज विद्यापीठात १९९१ साली झाली. कॉफीचे भांडे भरलेले आहे की रिकामे, हे जागेवरून न उठता कळावे म्हणून तेथील संशोधकांनी त्या भांड्यासमोर कॅमेरा लावला होता. पुढे १९९८ साली स्लोव्हेनियाचे कलावंत वुक चोसिच यांनी ‘डीप ॲस्की’ या कृतीत संपूर्ण चित्रपट हलत्या अक्षरांत उतरविला. त्याच दशकात यान हुबिचका यांनी ‘एएलिब’ नावाचा आज्ञासंग्रह तयार केला आणि कोणत्याही चित्राचे अक्षरचित्र करणे सामान्य संगणकावर शक्य झाले. आज तर साध्या ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टच्या पन्नास-साठ ओळींत हे काम होते.

२. चित्र म्हणजे आकड्यांचा तक्ता

ठिपक्यांची रांगोळी आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. आधी ठिपके मांडायचे आणि मग त्यांच्या आधाराने आकृती काढायची, ही तिची रीत. कॅमेऱ्याचे चित्रही ठिपक्यांचेच असते. फरक इतकाच, की तेथे रेघ काढली जात नाही, ठिपक्यांचे रंगच आकृती घडवितात. या ठिपक्याला पिक्सेल किंवा चित्रबिंदू म्हणतात. ज्या वेबकॅमचे चित्र ६४० बिंदू रुंद आणि ४८० बिंदू उंच असते, त्याच्या एका चौकटीत ६४० × ४८० म्हणजे ३,०७,२०० चित्रबिंदू असतात. प्रत्येक बिंदूसाठी लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे असतात. प्रत्येक आकडा ० ते २५५ यांच्या दरम्यान असतो. ० म्हणजे त्या रंगाचा पूर्ण अभाव आणि २५५ म्हणजे त्याची कमाल तीव्रता.

कॅमेरा सेकंदाला अशा ३० चौकटी पाठवीत असेल, तर दर सेकंदाला ९२,१६,००० चित्रबिंदू संगणकाकडे येतात. याउलट आपल्या अक्षरचित्रात ८० रकाने आणि ३० ओळी, म्हणजे २,४०० अक्षरे असणार आहेत. भागाकार केला असता एका अक्षराच्या वाट्याला १२८ चित्रबिंदू येतात. अर्थात १२८ बिंदूंनी सांगितलेली हकिगत एका चिन्हाने सांगायची आहे. जे उरते ते चित्र, जे गळते ते तपशील.

हे १२८ बिंदू ८ रुंद आणि १६ उंच अशा आयतातून घेतलेले आहेत, चौरसातून नव्हे. समान रुंदीच्या टंकात अक्षराची पेटी साधारणपणे रुंदीच्या दुप्पट उंच असते. आपण ८ × ८ चे चौरस घेतले, तर ३० च्या जागी ६० ओळी होतील आणि पडद्यावर चेहरा दुप्पट लांबट दिसेल. नवशिक्यांच्या चित्रात चेहरे ताणल्यासारखे दिसतात, ते याच कारणाने.

३. रंगाकडून उजेडाकडे

चिन्हाला रंग नसतो, केवळ गडद-फिकेपणा असतो. म्हणून तीन आकड्यांचा एक आकडा करावा लागतो. तिन्हींची सरासरी काढावी, हा विचार सहज सुचतो, पण तो पुरेसा नाही. मानवी डोळ्याला समान तीव्रतेचा हिरवा रंग निळ्यापेक्षा कितीतरी अधिक उजळ भासतो. म्हणून दूरचित्रवाणीच्या तंत्रात पुढील भारित सूत्र प्रचलित झाले :

उजेड = ०.२९९ × लाल + ०.५८७ × हिरवा + ०.११४ × निळा

तिन्ही गुणकांची बेरीज बरोबर १ येते, हे पडताळून पाहावे. समजा, एका बिंदूचे आकडे लाल २००, हिरवा १५० आणि निळा १०० असे आहेत. गुणाकार अनुक्रमे ५९.८, ८८.०५ आणि ११.४ येतात. त्यांची बेरीज १५९.२५, म्हणजे उजेड सुमारे १५९.

या सूत्राचे महत्त्व शुद्ध रंगांवरून कळते. शुद्ध हिरव्याचा उजेड सुमारे १५० येतो, शुद्ध लालचा ७६ आणि शुद्ध निळ्याचा २९. साध्या सरासरीने मात्र तिन्हींचे उत्तर ८५ हेच आले असते आणि निळ्या शर्टावरील हिरवे पान अक्षरचित्रात दिसलेच नसते.

४. उजेडाकडून अक्षराकडे

आता मोकळ्या जागेपासून भरगच्च चिन्हापर्यंत दहा चिन्हांची एक उतरंड मांडू. पहिले चिन्ह मोकळी जागा आहे, म्हणून ती डोळ्यांना दिसत नाही. पुढची नऊ अशी :

. : - = + * # % @

मोकळ्या जागेचा क्रमांक ०, टिंबाचा १ आणि शेवटच्या चिन्हाचा ९. उजेडावरून क्रमांक काढण्याचे सूत्र सोपे आहे. उजेडाला १० ने गुणावे, २५६ ने भागावे आणि अपूर्णांक सोडून द्यावा. वरच्या उदाहरणात १५९ × १० ÷ २५६ = ६.२१, म्हणून क्रमांक ६, म्हणजेच तारका. २५५ ऐवजी २५६ ने भागण्याचे कारणही लक्षात घ्यावे. उजेड २५५ असताना २५५ ने भागले तर क्रमांक १० येईल आणि त्या क्रमांकाचे चिन्ह आपल्या यादीत नाही.

काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे असतील, तर हा क्रम योग्य आहे, कारण तेथे चिन्ह जितके भरगच्च तितकी जागा उजळ. पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने छापायचे असेल, तर हाच क्रम उलटा घ्यावा लागतो. एरवी छायाचित्राच्या जुन्या फिल्मवर दिसत असे तसे उलटे चित्र उमटते.

५. आज्ञावलीची रचना

आज्ञावली सात पायऱ्यांत विभागता येते.

(१) परवानगी : ‘गेट यूझर मीडिया’ या आज्ञेने ब्राउझरकडे कॅमेरा मागावा. वापरणाऱ्याने संमती दिल्याखेरीज ब्राउझर कॅमेरा उघडत नाही. शिवाय पान सुरक्षित जोडणीच्या पत्त्यावर किंवा स्वतःच्याच संगणकावरील स्थानिक पत्त्यावर असावे लागते.

(२) लहान प्रत : ‘ड्रॉ इमेज’ या आज्ञेने दृश्याची चालू चौकट ८० × ३० मापाच्या अदृश्य कॅनव्हासवर काढावी. १२८ बिंदूंचा एक बिंदू करण्याचे काम ब्राउझरच करून देतो.

(३) आरसा : चित्र काढताना ते आडवे उलटवावे. स्वतःकडे आरशात पाहण्याची आपणांस सवय असते. चित्र उलटविले नाही, तर उजवा हात उचलल्यावर तो नको त्या बाजूला दिसतो व पाहणारा गोंधळतो.

(४) वाचन : ‘गेट इमेज डेटा’ या आज्ञेने सर्व आकडे एका लांब रांगेत मिळतात. प्रत्येक बिंदूसाठी लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता असे चार आकडे असतात. हव्या त्या बिंदूची सुरुवात (ओळ × ८० + रकाना) × ४ या स्थानी सापडते. ओळ १० आणि रकाना २५ असेल, तर (८०० + २५) × ४ = ३,३००. मोजणी शून्यापासून सुरू होते, हे विसरू नये.

(५) रूपांतर : प्रत्येक बिंदूचा उजेड व त्यावरून चिन्ह काढून ते एका मजकुरात जोडीत जावे. ८० चिन्हे झाली की नवी ओळ सुरू करावी.

(६) लेखन : सर्व २,४०० चिन्हे तयार झाल्यावरच संपूर्ण मजकूर एकदाच पडद्यावर ठेवावा. एकेक चिन्ह स्वतंत्रपणे लिहिल्यास संगणकाची गती मंदावते. मजकूर समान रुंदीच्या टंकात असावा आणि तो पानाच्या रचनेची आज्ञा म्हणून नव्हे, तर साधा मजकूर म्हणून द्यावा. कारण कोनकंसासारख्या काही चिन्हांना ब्राउझरच्या भाषेत वेगळा अर्थ आहे.

(७) पुनरावृत्ती : ‘रिक्वेस्ट ॲनिमेशन फ्रेम’ ही आज्ञा पडदा ताजा होण्याच्या प्रत्येक वेळी आपले काम पुन्हा करविते. बहुतेक पडदे सेकंदाला ६० वेळा ताजे होतात, कॅमेरा मात्र ३० चौकटी देतो. म्हणून मागील रूपांतराला सुमारे ३३ सहस्रांश सेकंद झाले आहेत का, हे तपासूनच पुढचे रूपांतर करावे. त्यामुळे निम्मे श्रम वाचतात.

६. एकच मोजपट्टी सर्वांना पुरते काय?

आतापर्यंतची आज्ञावली चालते, पण ती सर्वांसाठी सारखी चालत नाही. संध्याकाळच्या मंद दिव्यात बसलेल्या सावळ्या मुलीचा चेहरा घ्या. तिच्या चेहऱ्यावरील उजेडाचे आकडे २० ते ९० यांच्या दरम्यान आहेत असे समजू. आपल्या सूत्राने २० चा क्रमांक ० आणि ९० चा ३ येतो. म्हणजे दहा चिन्हांपैकी चारच तिच्या वाट्याला आली. कपाळ, गाल, नाक, हनुवटी ही सगळी त्या चार चिन्हांत कोंबली गेली. तिच्या शेजारी बसलेल्या गोऱ्या मुलाच्या चेहऱ्याचे आकडे ६० ते २०० असतील, तर त्याला २ ते ७ अशी सहा चिन्हे मिळतात. आज्ञावलीत कोणाचेही नाव लिहिलेले नाही, कोणाविषयी आकस नाही. तरीही एकाचा चेहरा ओळखू येतो आणि दुसरीचा डाग दिसतो.

उपाय अवघड नाही. ठरावीक ० ते २५५ ही पट्टी न वापरता समोरच्या दृश्यातील किमान व कमाल उजेड आधी मोजावा आणि त्यांच्यामधील अंतर पूर्ण पट्टीवर ताणावे :

नवा उजेड = (उजेड − किमान) ÷ (कमाल − किमान) × २५५

किमान २० आणि कमाल ९० असताना ५५ या उजेडाचे नवे मूल्य १२७.५ येते. २० चे ० आणि ९० चे २५५ होते. आता दहाही चिन्हे त्या चेहऱ्याला उपलब्ध झाली. मात्र मागे उघडी खिडकी असेल आणि तिचा उजेड २५० असेल, तर संपूर्ण चौकटीची कमाल २५० धरली जाईल. मग ९० चे नवे मूल्य सुमारे ७८ येऊन चेहरा पुन्हा अंधारात जाईल. म्हणून किमान-कमाल मोजताना चौकटीचा मधला भाग, जेथे चेहरा असतो, तेवढाच घ्यावा. या मर्यादांपलीकडील मूल्ये ० किंवा २५५ वर थांबवावीत. किमान व कमाल समान आले, तर शून्याने भागण्याचा प्रसंग येतो. कॅमेऱ्यावर हात ठेवला असता असे होऊ शकते, म्हणून त्याची आधीच तपासणी करावी. प्रत्येक चौकटीत मोजमाप बदलल्याने चित्र लुकलुकते. ते टाळण्यासाठी जुन्या मोजमापाचे नऊ भाग आणि नव्याचा एक भाग असे मिश्रण वापरावे.

हा प्रश्न केवळ आपल्या खेळापुरता नाही. रंगीत फिल्मच्या काळात छपाईतील रंग जुळविण्यासाठी वापरली जाणारी ‘शर्ली कार्डे’ अनेक दशके प्रामुख्याने गोऱ्या स्त्रियांच्या छायाचित्रांची होती. अलीकडच्या काळात एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये शिकणाऱ्या जॉय बुओलाम्विनी यांचा चेहरा वेबकॅमला जोडलेल्या आज्ञावलीला सापडत नव्हता. त्यांनी पांढरा मुखवटा चढविला, तेव्हा आज्ञावलीला ‘चेहरा’ सापडला. पुढे २०१८ साली त्यांनी तिमनित गेब्रू यांच्यासह चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे सांगणाऱ्या तीन व्यावसायिक प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चुकीचे प्रमाण फार तर ०.८ टक्के होते, तर सावळ्या व काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ते ३४.७ टक्क्यांपर्यंत गेले. त्या क्षेत्रात चाचणीसाठी प्रचलित असलेल्या दोन चित्रसंग्रहांत गोऱ्या वर्णाच्या व्यक्तींचे प्रमाण सुमारे ८० आणि ८६ टक्के असल्याचेही त्यांनी दाखवून दिले.

त्या प्रणाली आपल्या आज्ञावलीपेक्षा फार गुंतागुंतीच्या आहेत आणि त्यांच्या चुकांची कारणेही वेगळी आहेत. तरीही धडा एकच आहे. मोजपट्टी तयार करताना ज्यांचा विचार झाला नाही, त्यांना ती पट्टी नीट मोजत नाही. आणि पट्टी माणसाने केलेली असल्यामुळे ती माणसाला बदलताही येते.

७. देवनागरीतील अक्षरचित्र

‘ॲस्की’च्या १२८ संकेतांत देवनागरीला जागा नव्हती. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ ही प्रणाली आली व १९९१ साली ती भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाली. युनिकोडमध्ये देवनागरीच्या मुख्य विभागाला १२८ स्थाने मिळाली आहेत. तेव्हा आपले चित्र आपल्याच अक्षरांनी का घडवू नये?

यात तीन अडचणी आहेत. पहिली रुंदीची. देवनागरी अक्षरे बहुतेक टंकांत समान रुंदीची नसतात व त्यांची शिरोरेषा शेजारच्या अक्षराला जोडली जाते. म्हणून ओळी मजकूर म्हणून न लिहिता प्रत्येक अक्षर कॅनव्हासवर त्याच्या ठरलेल्या चौकोनात स्वतंत्रपणे रेखाटावे. दुसरी अडचण मोजणीची. ‘क्ष’ आपल्याला एक अक्षर दिसते, पण संगणकाच्या लेखी ते क, हलन्त आणि ष असे तीन संकेत आहेत. सर्व अक्षरे एका सलग मजकुरात लिहून क्रमांकाने उचलली, तर कधी नुसता हलन्त हाती येईल. म्हणून अक्षरांची स्वतंत्र घटकांची यादी करावी. तिसरी अडचण क्रमाची. ‘र’ अधिक भरगच्च की ‘ग’, हे अंदाजाने ठरवू नये. प्रत्येक अक्षर एका लहान कॅनव्हासवर काढून त्यातील शाईचे बिंदू संगणकाकडून मोजून घ्यावेत आणि त्यानुसार क्रम लावावा. टंक बदलला की क्रमही बदलू शकतो.

येथे एक गमतीचा योग आहे. कॅमेऱ्याने चेहरा मोजण्याचे जे तंत्र आपण शिकलो, तेच आता अक्षर मोजण्यासाठी उपयोगी पडते.

८. संमती आणि संयम

आपली आज्ञावली चित्र कोठेही पाठवीत नाही. सारे काम त्याच संगणकाच्या स्मृतीत होते आणि पान बंद केले की संपते. ती तशीच ठेवावी. अक्षरचित्र झाले म्हणजे माणूस ओळखू येत नाही, असे समजणे चुकीचे आहे. २,४०० चिन्हांतही ओळखीचा चेहरा सहज ओळखू येतो. तेव्हा वसतिगृहात किंवा वर्गात प्रयोग करताना चौकटीत येणाऱ्या प्रत्येकाची संमती घ्यावी, प्रयोग संपताच कॅमेरा बंद करावा आणि कॅमेऱ्याशेजारचा दिवा विझला आहे, याची खात्री करून घ्यावी.

९. समारोप

एका चिन्हाच्या जागी १२८ बिंदू होते, ही गोष्ट अक्षरचित्र पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही. ते घडविणाऱ्याने मात्र ती विसरता कामा नये. उजेडाचे सूत्र, चिन्हांचा क्रम, पट्टीची किमान-कमाल मर्यादा, चौकटीचा कोणता भाग मोजायचा, या प्रत्येक ठिकाणी एक निर्णय दडलेला आहे. पुढील आयुष्यात विद्यार्थ्यांना अनेक यंत्रणा मोजतील. प्रवेशासाठी, नोकरीसाठी, ओळख पटविण्यासाठी त्यांचे चेहरे कॅमेऱ्यासमोर जातील. त्या वेळी ‘यंत्राने सांगितले’ एवढ्यावर न थांबता ‘कोणत्या पट्टीने मोजले?’ असा प्रश्न त्यांनी विचारावा आणि आवश्यक तेथे नवी पट्टी तयार करण्याचे सामर्थ्य त्यांच्या हाती असावे, हीच या पाठामागील आमची अपेक्षा आहे.

सरावासाठी

(अ) लाल ९०, हिरवा ६०, निळा ४० असलेल्या बिंदूचा उजेड व चिन्हाचा क्रमांक काढा.
(आ) किमान ३० आणि कमाल ११० असताना याच बिंदूचा नवा क्रमांक कोणता येईल?
(इ) एकाच चेहऱ्याचे चित्र दिवसा, दिव्याच्या उजेडात आणि खिडकीकडे पाठ करून घ्या. प्रत्येक वेळी दहापैकी किती चिन्हे वापरली गेली, याची नोंद करा.
(ई) आपल्या नावातील अक्षरे शाईच्या बिंदूंनुसार क्रमाने लावा आणि त्याच अक्षरांनी आपला चेहरा घडवा.